क्रिमियाची लढाई आणि शेतकऱ्याचा अंगठा

(गांवच्या शाळेच्या पटांगणांत शेतकरी व कारागीर मंडळींपुढें झालेलें व्याख्यान)



आज आम्ही आपणांस येथून हजारों मैल दूर, काळ्या समुद्राच्या कांठीं झालेल्या एका लढाईची हकीगत सांगणार आहोंत. १८५३ पासून १८५६ पर्यंत चाललेली ही क्रिमियाची लढाई. एका बाजूला रशिया. दुसऱ्या बाजूला तुर्कस्तान, इंग्लंड, फ्रान्स व मागाहून सार्डिनिया. विषय जाहीर झाला तेव्हां आमच्या गांवचे एक वृद्ध शेतकरी आम्हांस म्हणाले, "गुरुजी, गोऱ्यांनीं गोऱ्यांचीं डोकीं फोडलीं, त्यांत आमच्या बैलाला वैरण काय मिळाली?" प्रश्न रोखठोक आहे, व त्याचें उत्तर देण्यासाठींच आम्ही येथें उभे आहोंत.

ट्रेनिंग कॉलेजांत असतांना आम्हीं ही लढाई चार ओळींत पाठ केली होती. सन, कारणें, परिणाम, आणि हातांत दिवा घेतलेली एक परोपकारी बाई. परीक्षेंत मार्कही पुरे मिळाले. परंतु खंदकांत उभा कोण होता, चिखलांत मेला कोण, आणि तो मेल्यावर त्याच्या पोराबाळांच्या पदरांत काय पडलें, हें आम्हांस कोणी सांगितलें नाहीं व आम्हींही विचारलें नाहीं. पुढें आपल्या आपण वाचूं लागलों तेव्हां कळलें कीं, कोणत्याही बाजूचा घ्या, मेला तो बहुतेक आपल्यासारख्याच घरांतला गडी होता.

आतां लढाईचें निमित्त ऐका. आपल्याकडे पोळ्याला कोणाचा बैल आधीं वेशींतून जावयाचा, यावरून भाऊबंदांचीं डोकीं फुटतात, कोर्टकचेऱ्या होतात आणि दोन पिढ्यांची जमीन वकिलाच्या घरीं जाते. अगदीं तसाच तंटा येशू ख्रिस्ताच्या जन्मस्थानीं, बेथलेहेमच्या देवळांत होता. तो मुलूख तुर्की सुलतानाचा. देवळांत पूजेचा मान कोणाचा, मुख्य दाराची किल्ली कोणाकडे, यावरून ख्रिस्ती धर्माच्याच दोन पंथांचे साधु भांडत होते. एका पंथाचा कैवारी रशियाचा झार, दुसऱ्याचा फ्रान्स. १८४६ सालीं जेरुसलेमच्या देवळांत आधीं पूजा कोणीं करावी यावरून हे धर्मगुरु आपसांत असे भिडले कीं, चाळीसांहून अधिक माणसें मेलीं. १८५२ च्या अखेरीस सुलतानानें फ्रान्सच्या दडपणाखालीं किल्ली रोमन पंथाच्या साधूंना दिली, आणि झार निकोलस खवळला.

परंतु मंडळी, किल्ली हें निमित्त. भाऊबंदकींत बैल पुढें असतो, पण डोळा बांधावर असतो. तुर्कांची पातशाही खिळखिळी झाली होती, आणि काळ्या समुद्रांतून बाहेर पडण्याच्या अरुंद वाटेवर रशियाचा डोळा होता. रशिया तिकडे सरकला तर आपला व्यापार व हिंदुस्थानची वाट धोक्यांत येईल अशी इंग्रजांची धास्ती. फ्रान्सचा तिसरा नेपोलियन तर १८५२ च्या डिसेंबरांतच बादशहा झालेला. त्याला धर्मगुरूंचा पाठिंबा आणि लढाईचा नांवलौकिक दोन्ही हवे होते. असे तीन मोठे हिशेब एका किल्लीच्या जुडग्यांत अडकले.

१८५३ च्या जुलैंत रशियन फौजा डॅन्यूब नदीकांठच्या तुर्की अमलाखालच्या दोन प्रांतांत शिरल्या. ऑक्टोबरांत तुर्कांनीं लढाई पुकारली. ३० नोव्हेंबरला सिनोपच्या बंदरांत रशियन आरमारानें तुर्कांचीं जहाजें जाळलीं. १८५४ च्या मार्चांत इंग्लंड व फ्रान्स उतरले. सप्टेंबरांत त्यांच्या फौजा क्रिमियाच्या किनाऱ्यावर लागल्या, आल्मा नदीवर त्यांनीं रशियनांना मागें रेटलें आणि सेव्हास्टोपोल या आरमारी शहरास वेढा घातला. वाटलें होतें, काम कांहीं आठवड्यांचें. लागले सुमारें अकरा महिने.

आपला मुलूखही यांतून सुटला नव्हता. पुण्याजवळच्या खडकीच्या छावणींत दहावी हुसार्स नांवाची गोऱ्या घोडेस्वारांची पलटण होती. तिला १८५५ च्या आरंभीं मुंबईस नेऊन जहाजांत चढविलें आणि मिसर देशाच्या वाटेनें क्रिमियास पाठविलें. खडकीच्या गवतावर पोसलेले घोडे काळ्या समुद्राकांठीं जाऊन उभे राहिले.

आतां त्या १८५४ च्या हिवाळ्याची हकीगत. येथें आम्ही जरा थांबणार आहोंत, कारण ही गोष्ट आपल्यांतील गाडीवानाला सेनापतीपेक्षां अधिक समजेल. इंग्रजांचा माल बालाक्लावा नांवाच्या लहानशा बंदरांत उतरे. तेथून लष्कराचा तळ अवघा तीन कोसांवर. आपला गडी भरली गाडी घेऊन सकाळीं निघाला तर दुपारच्या भाकरीला पोंचेल. परंतु रस्ता बांधलेला नव्हता. १४ नोव्हेंबरला मोठें वादळ झालें. तंबू उडाले, आणि गरम कपडे घेऊन आलेलें 'प्रिन्स' नांवाचें जहाज बंदराबाहेरच फुटून बुडालें. पुढें पाऊस, चिखल आणि बर्फ. वैरण नाहीं म्हणून घोडे एकमेकांच्या शेपट्या चावूं लागले व मेले. घोडे मेले म्हणून माल हलेना. माल हलेना म्हणून माणसें मेलीं.

बंदरांत माल सडत होता आणि तीन कोसांवर शिपाई उपाशी होता! कॉफी आली ती न भाजलेली, हिरवी. चिखलांत ओलें लाकूड पेटत नाहीं, भाजावयास तवा नाहीं, दळावयास जातें नाहीं; शिपायानें ते दाणे काय चघळावे? ताजा भाजीपाला नसल्यामुळें हिरड्या सुजून दांत हालूं लागले. त्यावरचें औषध म्हणजे लिंबाचा रस. तो डिसेंबरांतच बंदरांत येऊन पडला होता. पण तो रोजच्या शिध्यांत द्यावा असा हुकूम निघावयास फेब्रुवारी उजाडला. कागदावर सही नाहीं, सबब औषध नाहीं. शेवटीं विलायतेहून रेल्वे बांधणारे मजूर आणले. त्यांनीं १८५५ च्या आरंभीं कांहीं आठवड्यांत बंदरापासून तळापर्यंत रूळ टाकले, आणि माल हलूं लागला. मोठमोठ्या सरदारांना जें साधलें नाहीं तें कुदळफावड्यानें साधलें.

आणि सरदार तरी कसे? त्या काळीं इंग्रजी पायदळांत व घोडदळांत अधिकाऱ्याची जागा पैसे मोजून विकत मिळे. ज्याच्या बापाच्या तिजोरींत पैसा, तो कर्नल. ज्याला लढाई कळे पण खिसा रिकामा, तो वर्षानुवर्षें खालींच. २५ ऑक्टोबर १८५४ रोजीं बालाक्लावाच्या खोऱ्यांत एक हुकूम आला. कोणत्या तोफांवर जावयाचें हें त्यांत नीट लिहिलें नव्हतें. हुकूम घेणारा लॉर्ड लुकन व घोडदळ घेऊन जाणारा लॉर्ड कार्डिगन हे मेहुणे-मेहुणे; दोघांचें आपसांत सूत नव्हतें, मग समजून घ्यावें कोणीं आणि विचारावें कोणाला? सुमारें पावणेसातशें स्वार तीन बाजूंच्या तोफांच्या तोंडीं गेले. शंभराहून अधिक जागच्या जागीं मेले, त्याहून अधिक जखमी झाले. कवींनीं त्यांच्यावर कवनें केलीं. कार्डिगनसाहेब त्या दिवसांत बंदरांतल्या आपल्या खासगी नौकेवर निजावयास जात असत. जागा विकण्याची ही चाल इंग्लंडांत १८७१ सालीं बंद झाली.

आतां मेलेल्यांचा हिशेब करूं. आम्ही मास्तर, हिशेबाशिवाय आमचें समाधान होत नाहीं. इंग्रजांचे सुमारें २१ हजार लोक मेले. पैकीं रणांत पडलेले व जखमांनीं गेलेले मिळून पांच हजारांच्या आंत. उरलेले १६ हजारांवर लोक पटकी, हगवण, ताप यांनीं मेले. म्हणजे शत्रूच्या गोळीनें एक मेला तर घाणीनें व हलगर्जीनें तीन. फ्रेंचांचे सुमारें ९५ हजार गेले, तेही बहुतेक रोगानें. रशियाचे तर लाखोंनीं गेले.

इंग्रजांचें मोठें इस्पितळ समुद्रापलीकडे, तुर्कांच्या राजधानीसमोर स्कुटारी येथें होतें. फ्लॉरेन्स नायटिंगेल ही थोर घरची बाई ३८ परिचारिका घेऊन १८५४ च्या नोव्हेंबरांत तेथें पोंचली. तिनें स्वयंपाकघर लावलें, धुणें लावलें, अंथरुणें आणविलीं. तरीही माणसें मरतच राहिलीं. १८५५ च्या फेब्रुवारींत त्या इस्पितळांत शेंकडा बेचाळीस या प्रमाणांत रोगी दगावत होते. मार्चांत सरकारनें आरोग्याची जाणती माणसें पाठविलीं. त्यांनीं पाहिलें तों इमारतीखालचीं गटारें तुंबलेलीं, व पाण्याच्या पाटांत मेलेलें घोडें पडलेलें! गटारें वाहतीं केलीं, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली. जूनपर्यंत तेंच प्रमाण शेंकडा दोनांवर आलें. लढाई संपल्यावर नायटिंगेलबाईंनीं आंकडे मांडले, तेव्हां त्यांना स्वतःलाच उमगलें कीं, आपण दिवा घेऊन फिरत होतों आणि मरण पायांखालच्या गटारांत होतें. ही चूक पदरांत घेऊन त्या पुढें आयुष्यभर पाणी, गटार आणि आंकडे यांच्यामागें लागल्या. हिंदुस्थानांत त्या कधीं आल्या नाहींत; पण येथील छावण्यांचें पाणी कसें आहे याच्या चौकश्या त्यांनीं केल्या, आणि १८७८ सालीं येथील रयतेचा दुष्काळ व सावकारी पाश यांवर लेखही लिहिला. आयाबायांनो, आपल्या विहिरीच्या कडेला साचलेलें डबकें हा तोफखाना आहे, एवढें या हकीगतींतून घरीं न्या.

आणखी दोन बाया आहेत. त्यांचीं नांवें आम्हांला शाळेंत कोणीं सांगितलीं नाहींत. एक मेरी सीकोल. जमैका बेटावरची, काळ्या आईची लेक. आईपाशीं तिनें झाडपाल्याचें औषध शिकलें होतें आणि पटकीचे रोगी स्वतः बरे केले होते. लंडनला जाऊन तिनें सेवेला घ्या म्हणून दारें ठोठावलीं. कोणीं घेतलें नाहीं. मग ती स्वतःच्या पैशानें क्रिमियाला गेली, बालाक्लावाजवळ खानावळ घातली, शिपायांना खाऊं घातलें, औषध दिलें. लढाई संपली तेव्हां माल अंगावर पडून तिचें दिवाळें वाजलें. दुसरी सेव्हास्टोपोलची दाशा. खलाशाची पोरकी मुलगी. होतें नव्हतें तें विकून तिनें घोडा-गाडी घेतली, आणि आल्माच्या लढाईपासून आपल्या लोकांच्या जखमा ती बांधूं लागली. तिला कोणीं पाठविलें नव्हतें.

मंडळी, आतां आम्ही खऱ्या विषयाकडे येतों. रशियाचा शिपाई कोण होता?

त्या देशांत दोन कोटींहून अधिक माणसें जमीनदारांचीं बांधील कुळें होतीं. कुळ म्हणजे आपल्याकडच्यासारखें नव्हे. तो जमिनीला बांधलेला. आठवड्याचे तीन-तीन दिवस धन्याच्या शेतांत फुकट राबावयाचें, नाहीं तर रोख खंड द्यावयाचा. धन्याच्या परवानगीवांचून गांव सोडतां येत नसे, लग्न करतां येत नसे. धनी त्याला विकूं शके, फटके मारवूं शके, आणि शिपाईगिरीला धाडूं शके. शिपाईगिरी म्हणजे पंचवीस वर्षें. पसंत झालेल्या गड्याच्या कपाळावरचे केस भादरीत, आणि घरचीं माणसें मढ्यावर रडावें तशीं रडत. गडी परत येईल ही आशा कोणी धरीत नसे.

असा गडी सेव्हास्टोपोलला उभा होता. हातांत जुनी बंदूक. तिचा मारा दोन-तीनशें पावलांचा. समोरच्याची नवी रायफल त्याच्या कितीतरी पट लांबून मारी. इंग्रज व फ्रेंच आगबोटींतून तीन आठवड्यांत येत. रशियाचा शिपाई आपल्याच मुलखांत कित्येक आठवडे पायीं चाले, कारण दक्षिणेकडे आगगाडीच नव्हती. दारूगोळा आणि दाणा बैलगाडीनें येई. तरी तो अकरा महिने लढला. लिओ टॉलस्टॉय हे प्रसिद्ध ग्रंथकार तेव्हां तेथें तोफखान्यांत तरुण अधिकारी होते. त्यांनीं या शिपायांविषयीं लिहिलें, आणि पुढें १८५९ सालीं आपल्या गांवीं शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं शाळा काढली.

लढाई चालू असतां १८५४-५५ सालीं सरकारनें स्वयंसेवक शिपाई मागितले. गांवोगांव बातमी पसरली कीं, जो लढावयास जाईल तो व त्याचें कुटुंब बांधीलकींतून सुटेल. हजारों शेतकरी शेतें सोडून नांवें नोंदवावयास निघाले. सरकारनें असें कांहींच म्हटलें नव्हतें. कोणी म्हणाले, खरा हुकूम जमीनदारांनीं व भटांनीं दडवून ठेवला आहे. कीव प्रांतांत गांवेंच्या गांवें उठलीं. त्यांच्यावर फौज घातली, गोळ्या झाडल्या. देशासाठीं मरावयास आलेल्या शेतकऱ्याला देशाच्याच बंदुकीनें मारलें!

झार निकोलस १८५५ च्या मार्चांत मेला. सप्टेंबरांत सेव्हास्टोपोल पडलें. ३० मार्च १८५६ रोजीं पॅरिसला तह झाला. क्रिमिया रशियाला परत, कार्स शहर तुर्कांना परत. काळ्या समुद्रांत रशियानें लढाऊ जहाजें ठेवूं नयेत असें ठरलें. तें कलम रशियानें १८७० सालीं झुगारून दिलें. किल्लीचा तंटा जुन्या वहिवाटीवरच राहिला. एवढ्यासाठीं लाखों माणसें!

परंतु एक गोष्ट झाली. नवा झार दुसरा अलेक्झांडर याला कळून चुकलें कीं, बांधलेल्या माणसाच्या जोरावर देश टिकत नाहीं. तहानंतर थोड्याच दिवसांत त्यानें मॉस्कोच्या जमीनदारांना स्पष्ट सांगितलें कीं, ही बांधीलकी खालून मोडली जाण्याची वाट पाहण्यापेक्षां आपणच वरून मोडलेली बरी. आणि १८६१ च्या मार्चांत सुटकेचा जाहीरनामा निघाला.

आपण म्हणाल, चला, शेतकऱ्याच्या रक्ताचें चीज झालें. थांबा. पाटी-पेन्सिल घ्या.

माणूस मोकळा झाला, पण जमीन फुकट मिळाली नाहीं. बापआजे जी जमीन कसत आले, तिची किंमत शेतकऱ्यानें भरावयाची. आणि ती किंमत पुष्कळ ठिकाणीं बाजारभावाहून चढी धरलेली. बहुतेक रक्कम सरकारनें जमीनदाराला आगाऊ दिली, व शेतकऱ्याच्या नांवावर कर्ज मांडलें. हप्ता दर सालीं शेंकडा सहा, मुदत एकूणपन्नास वर्षें. आतां शंभर रुबलांमागें सहा, गुणिले एकूणपन्नास. किती झाले? दोनशें चौऱ्याण्णव! घेतले शंभर, फेडावयाचे जवळजवळ तीनशें. शिवाय सुपीक मुलखांत पूर्वीं कसत असलेल्या जमिनीचा तुकडा कापून जमीनदाराकडे गेला. कुरण, पाणवठा, जंगल बहुधा त्याच्याकडेच राहिलें. धन्याच्या घरांत राबणाऱ्या चाकरांना तर जमीन मुळींच नाहीं. आणि एकाचा हप्ता थकला तर सारा गांव जामीन. हे हप्ते पुढें १९०५ च्या राज्यक्रांतीच्या धक्क्यानंतर १९०७ पासून माफ झाले. म्हणजे आजानें सोसलें, बापानें फेडलें, नातवानें सुटका पाहिली.

जाहीरनामा व त्याचे कायदे मोठे बोजड भाषेंत लिहिलेले. गांवांत वाचणारा कोण? धर्मगुरु आणि जमीनदाराचा कारभारी. कझान प्रांतांत बेझ्दना नांवाचें गांव आहे. तेथें आंतोन पेत्रोव्ह हा थोडेंबहुत वाचतां येणारा शेतकरी होता. लोकांनीं कायद्याचें पुस्तक त्याच्यापुढें ठेवलें व म्हटलें, "यांत आमची सुटका कोठें आहे ती शोधून दे." त्यानें अक्षर अक्षर लावलें, आणि सांगितलें कीं पूर्ण सुटका व सारी जमीन यांत दिलेली आहे, धनी लोक ती लपवीत आहेत. त्याचा अर्थ चुकीचा होता. पण आसपासच्या गांवांतून हजारों लोक त्याच्या घराभोवतीं जमले, निःशस्त्र, केवळ ऐकण्यासाठीं. फौज आली. पेत्रोव्हला स्वाधीन करा म्हणाली. लोक हालले नाहींत. गोळीबार झाला, पन्नासांहून अधिक माणसें पडलीं. पेत्रोव्ह स्वतः बाहेर आला, कायद्याचें पुस्तक डोक्यावर धरून. थोड्या दिवसांनीं त्याला गोळी घालून ठार केलें.

बंधूंनो, ही हकीगत आम्हीं प्रथम वाचली त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. कारण आमच्या घरांतही एक कागद होता. आमच्या आजोबांनीं अडीअडचणींत थोडे पैसे काढले. तोंडी ठरलें, पांच वर्षांत फेड झाली कीं शेत मोकळें. कागदांत काय लिहिलें तें त्यांना वाचतां येत नव्हतें. त्यांनीं विश्वासानें अंगठा टेंकला. पांच वर्षांनीं पैसे घेऊन गेले तेव्हां कळलें कीं तें गहाणखत नव्हे, खरेदीखत! आजोबा मरेपर्यंत त्या बांधावरून जातांना मान खालीं घालीत. वडिलांनीं आम्हांस शाळेंत घातलें तें त्या अंगठ्यापायीं. आम्ही मास्तर झालों तेही त्यामुळेंच.

रशियाच्या सरकारलाही हें शेवटीं उमगलें. १८७४ सालीं नवा लष्करी कायदा झाला. शिपाईगिरी श्रीमंत-गरीब सर्वांना लागू, मुदत सहा वर्षें. आणि प्राथमिक शाळा पुरी केलेल्याला चारच वर्षें. चार यत्ता शिकलेल्या शेतकऱ्याच्या पोराचीं आयुष्याचीं दोन वर्षें अक्षरांनीं सोडविलीं. शिक्षणाचा याहून रोख मोबदला आम्हीं कोठें पाहिला नाहीं.

आतां वृद्ध बाबांच्या प्रश्नाकडे येऊं. बैलाला वैरण मिळाली नाहीं, बाबा. पण त्या लढाईनें जगभरच्या शेतकऱ्याचा बाजार हालला, हें खरें. रशियाचा वाख इंग्लंडला जाईना, तेव्हां स्कॉटलंडांतल्या डंडीच्या गिरण्या बंगालच्या तागाकडे वळल्या, आणि तागाचा धंदा वाढला. परक्यांच्या लढाईनें येथला भाव चढतो आणि पडतोही. म्हणून जगाची बातमी ठेवणें हा रिकाम्या लोकांचा उद्योग नव्हे. क्रिमियाचा तो मुलूख तर २०१४ सालीं रशियानें युक्रेनकडून घेतला, आणि २०२२ सालीं त्या देशांत मोठें युद्ध पेटलें तेव्हां गव्हाचा, तेलाचा, खताचा भाव आपल्या दारांत येऊन उभा राहिला. एवढ्या वर्षांनींही ती जमीन रक्त पीतच राहिली.

आमचें मागणें थोडें आहे. उद्यां घरीं पेटींतला सात-बारा काढा, सोसायटीच्या कर्जाचा कागद काढा. घरांतल्या शिकत्या पोराला किंवा पोरीला समोर बसवा, व मोठ्यानें वाचावयास सांगा. जें समजणार नाहीं तें लिहून आमच्याकडे आणा. शाळा सुटल्यावर आम्ही येथेंच असतों. आणि पुढें कोणी म्हणाला, "सही करा, सारें ठीक आहे," तर त्याला शांतपणें सांगा, "आधीं वाचून दाखवा, दुसऱ्याकडून पडताळून घेऊं द्या, मग सही." पेत्रोव्हजवळ पुस्तक होतें, पण त्याचा अर्थ नीट लावून देणारा प्रामाणिक माणूस जवळ नव्हता. तुमच्याजवळ आम्ही आहोंत, आणि तुमचीं मुलें आहेत.